परतीचा कौल

“बा देवा गांगो म्हाराजा,” आबांनी हात जोडले, “आज ही तिरवाळ गावची लेकरां तुझ्या पायाकडे उबी आसत.”

“व्हय म्हाराजा!” सभामंडपातून सगळा गाव ओरडला.

“गावान तीन दिस, तीन राती शीव सोडूची, पळण करूची, अशी तुझी मर्जी आसली तर उजवी दी म्हाराजा. नसली तर डावी दी.”

“व्हय म्हाराजा!”

बाहेर आषाढ नुसता ओतत होता, पागोळ्यांचा आवाज तेवढा येत होता. काळ्या पाषाणाच्या गांगोच्या दोन खांद्यांवर जास्वंदीच्या दोन पाकळ्या चिकटवलेल्या होत्या. त्यातली कुठली आधी गळते तिकडे सगळ्यांचे डोळे. देवाचा कौल म्हणजे एवढंच. उजवी गळली तर हो, डावी गळली तर नाही. त्या पाकळ्या पाण्याचं बोट लावून चिकटवायचा मान आमच्या घराण्याचा, तिरवाळच्या गुरवांचा. आबा माझे वडील.

मी बायकांच्या घोळक्यात उभी होते आणि मनात म्हणत होते, ह्या म्हाताऱ्याला वेड लागलंय. आषाढात कोणी पळण मागतं?

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. आमच्याकडे दर चार-पाच वर्षांनी गावपळण होते. अख्खा गाव, गुरंढोरं, कोंबड्या, कुत्री, तान्ही पोरं, खाटेवरची म्हातारी, सगळे शिवेबाहेर जातात आणि तीन दिवस झोपड्या बांधून राहतात. गावात देवाशिवाय कोणी उरत नाही. चूल पेटत नाही, दिवा लागत नाही, शिवेच्या आत कोणी पाऊलसुद्धा टाकत नाही. तीन दिवसांनी शिवेवरच्या पाषाणाला परतीचा कौल लावायचा आणि देव ‘या’ म्हणाला की परतायचं. पण हे सगळं मार्गशीर्षात! भात घरात आलेलं असतं, आभाळ कोरडं असतं, बायकांना तीन दिवस सारवण नाही की झाडलोट नाही. आम्ही पोरी तर पळणीची वाट बघत असायचो. ऐन लावणीच्या दिवसांत, चिखलापाण्यात पळण कोणाच्या बापजाद्यांनी ऐकली नव्हती.

उजवी पाकळी गळली.

मग बापू परब, गावचे मुख्य मानकरी, कपाळाला हात लावून म्हणाले, “व्हय म्हाराजा. चला रे, बांधाबांध करा.” त्यांच्या शेतात अर्धी लावणी तशीच राहिली होती, पण देवाने सांगितलं म्हटल्यावर काय बोलायचं?

आमची वरचीवाडी भराड्या डोंगराच्या अगदी पोटाशी. देऊळही तिथेच. ज्येष्ठात भूगर्भ खात्याची एक मॅडम आली होती, पाठीला पिशवी, पायात गमबूट. वरच्या काजूच्या बागेत तिला जमिनीला गेलेली भेग सापडली. भेगेच्या दोन्ही अंगांना तिने लाकडी खुंट्या ठोकल्या आणि लोकांना जमवून सांगितलं, “ह्या दोन खुंट्यांमधलं अंतर रोज बघत जा. वाढायला लागलं, किंवा झऱ्याचं पाणी गढूळ झालं, तर कोणाची वाट बघू नका. उठा, बाहेर पडा आणि शाळेत जाऊन राहा.” चांगली होती बिचारी. तीनदा आली, तिन्हीदा भिजली. गावाने तिला चहा पाजला आणि परत पाठवली. लोकांचं तरी काय चुकलं? बापू म्हणाले होते, “आज शाळेत जावा म्हणतत, उद्या कायमचे जावा म्हणतले. मगे ही शेतां कोणाच्या घशात घालूची?”

खुंट्या बघायचे ते एकटे आबा. रोज सकाळी देवासाठी फुलं काढायला वर जायचे, तेव्हा फटीला बोटं लावून यायचे. एक-दोनदा वाडीत सांगून पाहिलं, कोणी मनावर घेतलं नाही; मग घरी आल्यावर कोणाशी बोलायचे नाहीत. आई गेल्यापासून चूल माझ्याकडे होती, मी विचारायची, “काय झाला, आबा?” तर म्हणायचे, “काय नाय गो, शालू. तू पेज वाढ.” कौलाच्या दिवशी सकाळी मात्र म्हणाले, “वाईच पेज दी. निवळ नको, दाट दी. केळीच्या पानावर.”

“आता देवाक पेज घालतास काय?” मी हसून विचारलं.

ते हसले नाहीत. पान दुमडून घेतलं आणि पावसात निघून गेले.

तर अशी आमची आषाढातली पळण. गावाच्या शिवेवर व्हाळ, म्हणजे ओढा आहे, त्याच्या पलीकडे उघडा सडा, म्हणजे नुसता कातळ. तिथे झावळ्या नि प्लास्टिक बांधून झोपड्या केल्या. पहिल्याच संध्याकाळी अर्ध्या वाऱ्याने उडाल्या. लाकडं ओली, चुली धुमसतात, डोळे चुरचुरतात, भात कच्चा. गुरं रात्रभर हंबरत होती. माझा भाऊ दिगू, त्याची बायको रतन बाळंतीण. पोरीचं बारसंसुद्धा झालेलं नव्हतं. ती एवढीशी पोर भिजलेल्या दुपट्यात कण्हत होती आणि दिगू तिच्यावर छत्री धरून बसला होता, छत्रीला भोकं.

“आबा, हिच्या छातीत घरघर होता,” दुसऱ्या दिवशी तो म्हणाला. “रतनाक नि हिका घराक नेतंय. चुलीम्होरे शेकतत तरी.”

“शिवेच्या आत पाय टाकूचो नाय.”

“कोण बघता?”

“मी बघतंय,” आबा म्हणाले. “गुरवाचोच झील पळण मोडूक लागलो तर बाकीचे काय करतले?”

दिगू पुन्हा छत्री धरून बसला. पण त्याचा जबडा असा आवळलेला मी कधी पाहिला नव्हता. माझ्याहून तीन वर्षांनी मोठा, पण स्वभावाने हसरा, कोणाच्याही मयताला नि लग्नाला पहिला हजर. त्या तीन दिवसांत त्याचं हसू गेलं ते गेलंच.

आबा सारखे व्हाळाच्या काठावर बसून भराड्याकडे बघत असायचे. दिसत काही नव्हतं. डोंगर ढगात बुडालेला. त्यांना स्वतःलाही ताप भरला होता, तरी उठायला तयार नाहीत. मी घोंगडी टाकली तर म्हणाले, “शालू, आत जावन कोणीतरी बघूक होया होता गो.” मला वाटलं, तापात बरळतायत. पळणीत आत कोण जातं?

तिसऱ्या दिवशी दुपारी पाऊस थांबला. थांबला म्हणजे एकदम ऊन पडलं. तीन दिवसांनी अंगावर ऊन घेतल्यावर माणसांचे चेहरेच बदलले. बायका ओली लुगडी कातळावर पसरायला लागल्या. भराडा स्वच्छ दिसत होता, हिरवागार. कोणीतरी म्हणालं, “बघा, काय झाला डोंगराक? आसा तसोच आसा.” आणि सगळे हसले.

“कौल लावा,” बापू म्हणाले. “माझी आवस थंडीन काळी पडली.” त्यांची म्हातारी आई एका उलट्या टोपलीवर बसून थरथरत होती.

“आज नको,” आबा म्हणाले. “अजून दोन दिस ऱ्हवया.”

“पळण तीन दिसांची, गुरवा. तुझ्या-माझ्या मनाची नाय. आणि तुझे हात बघ कसे थरथरतत. दिगू लावीत कौल. तो पण गुरवच मा?”

दिगू पुढे झाला. शिवेवरच्या पाषाणाला पाणी घातलं, दोन पाकळ्या लावल्या. गाऱ्हाणं त्याने भराभर म्हटलं. लोकांचं “व्हय म्हाराजा” अजून पुरतं म्हणून झालं नव्हतं, तोच उजवी पाकळी खाली पडली.

गाव आनंदाने ओरडला. पोरं नाचायला लागली. आबा मात्र वाकले, पडलेली पाकळी उचलली आणि अंगठ्याने चोळून बघितली. मग त्यांनी दिगूकडे पाहिलं. दिगूने मान खाली घातली. मी त्यांच्याजवळच उभी होते. पाकळी कोरडी होती. पाण्याचं बोट तिला लागलंच नव्हतं.

लोक गाठोडी उचलू लागले तसे आबा व्हाळावरच्या साकवावर, त्या लाकडी पुलावर, आडवे उभे राहिले. “थांबा.”

“आता काय?” बापू म्हणाले. “तुझ्या डोळ्यांदेखत देवान उजवी दिल्यान.”

आबा दिगूचं नाव घेतील असं मला वाटलं. ते म्हणाले, “पयलो कौल देवाचो नव्हतो. तो मी पाडलंय.”

कोणाला काही कळेना.

“डाव्या पाकळीक पेज लावलंय. ती गळूचीच नाय. उजवेक नुसता पाणी. डोंगराक गेलेली भेग चार बोटांची होती, ती वीतभर झाली. झऱ्याचा पाणी तांबडा येता. तोंडान सांगलंय, कोणी आयकूक नाय. म्हणान देवाक पुढे केलंय. आता माका काय व्हया ता बोला, पण आज आत जाव नको.”

पेज! ते केळीचं पान माझ्या हातातून गेलं होतं.

“म्हणजे,” बापू हळूहळू म्हणाले, “देवान आमका जावक सांगूकच नाय?”

“देवान नाय. डोंगरान सांगल्यान.”

“माझ्या पोराक ताप भरलो रे तुझ्या पेजेपायी!” एक बाई किंचाळली. “तीन दिस चिखलात कुजवलंस!” मग जो तो सुटला. कोणी शिव्या दिल्या, कोणी थुंकलं. चार पिढ्यांच्या गुरवकीला असले शब्द मी ऐकले की कान झाकून घ्यावेसे वाटले.

आबा तसेच उभे. “कौल माझो खोटो, पण भेग खरी आसा. तीन दिसांत डोंगर कोणी बघल्यान? सांगा मा, कोणी बघल्यान?”

“पळणीत शिवेच्या आत कोण पाय टाकतलो?”

“ही पळण नव्हतीच, मेल्या! आता तोच सांगता मा!”

आणि त्यांनी आबांना बाजूला केलं. मारलं नाही कोणी, नुसतं खांद्याला धरून बाजूला केलं, आणि गाव साकवावरून आत गेला. ज्या बोलण्याने थांबायचे त्याच बोलण्याने त्यांची भीती मोडली होती. देवाने जायला सांगितलंच नव्हतं म्हटल्यावर भ्यायचं कशाला? खालच्यावाडीची माणसं खाली वळली, वरच्यावाडीची वर चढली. बापू आईला म्हणाले, “तू हंयच बस, आये. मी खुर्ची घेवन येतंय, खुर्चीत घालून नेतंय तुका.”

आम्ही तेवढे उरलो. आबा, दिगू, मांडीवर पोर घेतलेली रतन, मी आणि टोपलीवरची म्हातारी.

“आबा, माझी पाकळी...” दिगू म्हणाला.

“माका ठावक आसा.”

“मगे तेंका सांगलात कित्याक नाय?”

“सांगून काय व्हतला? आता गुरवाचा कोण खरा मानतला?” आबा खाली बसले. “तुका पोरीचा दुखला, म्हणान केलंस. माका गावाचा दुखला, म्हणान केलंय. पण ह्या तीन दिसांत दोघांनीव डोंगराक इचारूक नाय.”

मला दिगूचा संताप आला. खरं सांगते, अजूनही येतो. आणि त्याच वेळी त्याचा तो पोरीवर भोकांची छत्री धरलेला हात आठवतो, मग कोणावर रागवायचं तेच कळत नाही.

त्याने पोरीच्या डोक्यावरून बोट फिरवलं. “शालू, रतनाक शिवेच्या आत सोडू नको. मी खुंट्यो बघून येतंय.”

“अहो, कशाला? लोकांनी बघूंदेत आपापला!” रतन ओरडली.

“मी सांगलंय मा, ‘या’ म्हणान? मगे बघूक नको?” तो म्हणाला आणि साकव ओलांडून धावत सुटला.

आम्ही बघत बसलो. वरच्यावाडीतल्या घरांतून धूर वर यायला लागला. तीन दिवसांनी चुली पेटत होत्या. कोणीतरी सुकी मासळी भाजत होतं, वास व्हाळापर्यंत आला. मला भूक लागली होती. मला वाटलं, आबांचं काहीतरीच, उगाच बसलोय आपण इथे. दिगूचा पांढरा सदरा काजूच्या बागेत शिरताना दिसला.

मग कुकारा आला. आमच्याकडे लांबच्या माणसाला हाक मारायची तर तोंडाभोवती हात धरून ‘कूऽऽ’ करून कुकारा घालतात. घराघराचा कुकारा ओळखू येतो. हा आमच्या घरचा होता. एकदा, दोनदा, मग न थांबता. आग लागली किंवा वाघ आला तरच असा न थांबता घालतात.

आबा ताडकन उठले. “फट मोठी झाली,” ते म्हणाले. “खाली ये रे! दिगू, खाली ये!” त्यांचा आवाज काही वर पोचला नाही.

वाडीतली माणसं अंगणात आलेली दिसत होती. काही जण वर बघून हात करत होते. काही धावायला लागली, एक बाई पोराला काखोटीला मारून उतारावरून घसरत आली, तिच्यामागे आणखी. काही तशीच उभी राहिली. मागाहून वाचलेल्यांनी सांगितलं, कोणीतरी म्हणालं होतं, “गुरवाचोच झील तो. आता ह्येचोव कौल आयका!” आणि ती परत घरात गेली होती.

बापू परब डोक्यावर खुर्ची घेऊन साकवापाशी आले होते. आईला न्यायला. त्यांनी पाय साकवावर ठेवला आणि कुकारा तुटला.

आधी आवाज नाही आला. आधी काजूची झाडं उभीच्या उभी खाली सरकायला लागली. मग डोंगराचं पोट फुटलं आणि तांबडी माती देवळावरून, घरांवरून, धुरावरून खाली आली. आवाज त्यानंतर आला. व्हाळाचं पाणी उलटं फिरलं. सगळं थांबलं तेव्हा वरचीवाडी नव्हती. बापूंची बायको आणि दोन मुलगे आत होते. ते खुर्ची डोक्यावर तशीच धरून उभे होते, कितीतरी वेळ. शेवटी म्हातारीच म्हणाली, “बापू, ती खुर्ची खाली ठेव रे बाबा.”

कुकाऱ्यावर पळालेली वाचली. जवळजवळ निम्मी वाडी. दिगू सापडला नाही.

आबा त्यानंतर दोन पावसाळे जगले. पाकळीला त्यांनी परत हात लावला नाही. पुढच्या ज्येष्ठात बापू त्यांच्याकडे आले. आमचं घर तेव्हा सड्यावर पत्र्याचं होतं. मला वाटलं, भांडायला आले. ते उंबऱ्यावर बसले आणि म्हणाले, “गुरवा, पळण करूया. पावसात. दरवर्सा.”

“कौल मी लावचंय नाय,” आबा म्हणाले.

“कौल नकोच. खालच्यावाडीवर अजून डोंगराचो खांदो आसा. ती मॅडम परत येतली, खुंट्यो मारतली. त्यो बघूक दोघा जणांनी रोज आत जावचा. पळणीत सुद्धा. शीव मोडली तर मोडूंदे. आणि तू त्या दिवशी इचारलंस ता परत येताना इचारूचा. कौलाच्या जागेर.”

आबा खूप रडले. बापूही.

त्याला आता बरीच वर्षं झाली. आबा नाहीत, बापू नाहीत. पाऊस मोजायला मॅडमने ठेवलेल्या बाटलीतलं पाणी तिने आखलेल्या रेघेपर्यंत चढलं की खालचीवाडी आजही पळण करते, सड्यावरच्या पक्क्या शेडमध्ये, कोरड्या लाकडांसकट. कुकारा कोणाचाही असो, ऐकला की भाजी चुलीवर सोडून निघायचं, हे तिथलं शेंबडं पोरसुद्धा जाणतं.

गेल्या आषाढात चौथ्या दिवशी ऊन पडलं होतं. माणसं गाठोडी बांधून शिवेवरच्या पाषाणापाशी उभी होती. कोणाचं तरी तान्हं कण्हत होतं. आताच्या मानकऱ्याने मोठ्याने विचारलं, “डोंगर कोणी बघल्यान?”

“मी बघलंय, म्हाराजा,” पूर्वा म्हणाली. दिगूची पोर. गुडघ्यापर्यंत चिखल, केसांत काजूचा पाला. “फट बोटभर वाढली. आज जाव नको.”

कोणी खूश झालं असं मी म्हणणार नाही. एक-दोघांनी कपाळाला हात मारला, एका बाईने तोंडातल्या तोंडात काहीतरी पुटपुटलं. मग एकेकाने गाठोडं खाली ठेवलं आणि गाठी सोडल्या.

मी शेडमध्ये आले. रतनला हल्ली फारसं दिसत नाही, ती कोपऱ्यात बसून असते. तिच्यापुढे पेजेची वाटी तशीच होती, वर साय धरलेली. फट वाढली की नाही, घरी जायचं की नाही, हे ती कधीच विचारत नाही. तिने माझा हात चाचपून धरला.

“शालू, पोरगी खाली इली काय गो?”

“इली,” मी म्हटलं.

तेव्हा तिने वाटी तोंडाला लावली.